वखारीतला नळ

निपाणी स्टँडवरून बेळगावची गाडी सुटली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती आणि मी मुद्दाम दुसरीकडं तोंड करून बसले होते. आठवी नुकतीच पास झालेली, पायांशी पत्र्याची ट्रंक आणि पोटात राग. आईनं खिडकीच्या गजांतून हात घालून शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी माझ्या मांडीवर ठेवली. "वाटंत खा गं," म्हणाली. मी पुडीला हात लावला नाही. खरं सांगू का, संकेश्वर येईपर्यंत सगळे लाडू संपले होते. पण ते तिला दिसलं नाही.

राग कशाचा होता ते आमच्या गल्लीत राहिलेल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, माझ्यासारख्या गल्ली सोडून गेलेल्यांनाही थोडंफार. नव्या पोरांना मात्र कुणी सांगितलेलं नाही. जयंतीला स्टेजवर पुढाऱ्यांची नावं घेतात, हार घालतात. घाला बाबांनो, माझी ना नाही. पण माझ्या आईचं, इंदुबाईचं, नाव एकदाही कुणी घेतलं नाही. ती तेव्हा मांडवामागं भात वाढत असते.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. दिवसभर भुकटी नाकातोंडात जायची, घशाला नुसती कोरड. कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि त्यावर एक मग असायचा. बाकीच्या बाया तो मग बुडवून पाणी प्यायच्या. आमच्या गल्लीतल्या बायांनी लांब उभं राहून ओंजळ धरायची. कुणाला सवड झाली तर ती वरून ओतणार. सीमेवरून दोन राज्यं भांडत होती, आमची सीमा त्या पिंपापाशी होती. एक दिवस आई सरळ गेली, तोच मग बुडवला आणि तोंड लावून पाणी प्याली. मालकानं दुपारीच तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारची तानाक्का आणि आमच्या सगळ्या बाया वखारीच्या दारात बसून राहिल्या. आठवडाभर हलल्या नाहीत. शेवटी वखारीत नळ आला. ज्यानं त्यानं आपल्या हातानं सोडायचा, आपल्या हातानं प्यायचं. बाया कामावर गेल्या. आई तेवढी परत गेली नाही.

वडील आधीच गेलेले. दोघींचं पोट भरेना म्हणून मला बेळगावच्या वसतिगृहात धाडायचं ठरलं. "एका मगभर पाण्यासाठी मला घराबाहेर काढलंस," मी तिला म्हणाले. अशी फटकळ मी लहानपणापासूनच. ती भाकरी थापत राहिली.

पुढं बेळगावात नर्सिंग झालं, मग बेंगळुरू. आता लेक मला अम्मा म्हणते. वॉर्डात मी दिवसभर कन्नड बोलते, चिडले की मात्र मराठी आपोआप तोंडात येते. पहिल्या ड्युटीला सीनियर सिस्टरनं पाण्याची बाटली पुढं केली आणि माझे हात आपसूक ओंजळीत जुळले. ती हसली. तिला वाटलं, पोरगी लाजतेय. मी बाथरूमात जाऊन ढसाढसा रडले. आईनं तो मग का उचलला ते मला त्या दिवशी कळलं. पण माफी मागायचं राहूनच गेलं. फोनवर 'जेवलीस का' आणि 'गुडघं कसं हायती' ह्याच्या पुढं आमची गाडी जायचीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते. तानाक्का बोलता बोलता बोलून गेली. मालकानं तेव्हा सांगितलं होतं म्हणे, एकतर नळ, न्हायतर इंदीची नोकरी. दोन्ही मिळायचं न्हाय. "आमी म्हटलं, इंदे, तू ये कामावर, नळ मरू दे. तर तीच म्हणाली, नळ घ्या. नोकरी माझी एकटीची हाय, पाणी समद्यांचं हाय."

मी तशीच उठून घरी आले. आई लसूण सोलत बसली होती. "का सांगितलं नाहीस गं मला? इतकी वर्षं मी तुझ्यावर राग धरून बसले. चुकले मी आई."

तिनं हातातला लसूणही खाली ठेवला नाही. "धरलास ते लई बरं केलंस. रागानं गेलीस म्हणून टिकलीस तितं. रडत गेली असतीस तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत आली असतीस, आन् मी तुला बी वखारीत घातली असती."

पन्नाशीला आलेली बाई मी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

निघायच्या दिवशी आईसोबत स्टँडला जाताना रिक्षा वखारीपाशी थांबवली. वखार कधीच बंद पडली, दारही राहिलं नाही. नळ अजून आहे, येणारे-जाणारे पितात, कुणी कुणाला जात विचारत नाही. आईनं नळ सोडला. माझ्या पिशवीत बाटली होती, तरी मी ओंजळ धरली आणि पोटभर प्याले. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की आता मला तोच नळ डोळ्यांपुढं येतो.

मग गाडीत खिडकीपाशी बसले. आई खाली उभी होती, हातात लाडवांची पुडी. ह्या खेपेला पुडी मी तिच्यासमोरच सोडली, एक लाडू तोंडात घातला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत राहिले.