आम्ही आणि आपण

चौकातल्या प्रचारसभेत माझ्या शेजारी मंडईतल्या भाजीवाल्या शांताबाई बसल्या होत्या. त्यांच्या गल्लीतला नळ बसवल्यापासून कोरडाच आहे. पाणी कधी येणार, एवढंच ऐकायला त्या आल्या होत्या.

उमेदवाराचा आवाज छान होता. आईच्या आठवणीने तो भरून आला, मातीचं नाव घेताना चढला. नाही म्हटलं तरी मीही थोडा विरघळलो.

"रस्ता आम्ही केला, सभागृह आम्ही बांधलं," ते म्हणाले. "आता पाण्याचा प्रश्न आपण सगळे मिळून सोडवू."

शांताबाईंनी पिशवी उचलली. "चला भाऊ. पाणी काही येत नाही."

"का हो? सोडवू म्हणाले की."

"रस्त्याच्या वेळी 'आम्ही' होतं. पाण्याच्या वेळी 'आपण' झालं. म्हणजे हंडा माझ्याच डोक्यावर."

वक्तृत्वावरची जाड पुस्तकं मी वाचली आहेत, पण इतक्या थोडक्यात कुणी समजावलं नव्हतं. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवले, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. शांताबाईंचा तर आहेच.

वळणावर त्या म्हणाल्या, "उद्या तुमच्यासाठी मेथी आणते मी."

त्या 'मी'वर माझा पूर्ण विश्वास होता.