दुसरं बटण

"अरे, कोटाचं पहिलं बटण आहे, तिसरं आहे, आणि दुसऱ्याच्या जागी नुसते दोरे लोंबतायत! आणि गडी निघालाय खुनाचा तपास करायला, पोटावर हात ठेवून. साक्षीदार विचारतो, साहेब, पोट बिघडलंय का?"

मास्तरांनी हे शंभरदा सांगितलं असेल आणि त्यांचा दोस्त कंपाउंडर शंभरदा हसला असेल. आजही हसला, पण हात टेपा लावायच्या जुन्या व्हिडिओच्या वायरींत गुंतलेले होते. डॉक्टरच्या माळ्यावरून ते धूड त्यानंच उचलून आणलं होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. जिन्याखाली मशीन, मागं राहायची खोली. नवं शिवायला कुणी येत नाही. चेन बदला, पँट आखूड करा, एवढंच. पण टीव्हीवरच्या त्या जुन्या मालिकेतला गुप्तहेर त्यांनी शिंप्याच्या नजरेनं बघितला होता. तो बाबा चोराला पकडायचा नाही. त्याच्यापुढं बसून स्वतःचीच रडगाणी गायचा, शेवटी चोरच कंटाळून गुन्हा कबूल करायचा. असे सव्वीस भाग झाले. वाहिनीनं आधी वेळ बदलली, मग वार बदलला, मग गुंडाळूनच टाकली. कुणी हूं की चूं केलं नाही. चाहते उरले सात, तेही फोनवर एकमेकांना शोधत जमलेले. वाहिनीकडं चौकशी केली तर कळलं, जुन्या टेपा पुसून त्यांच्यावर दुसरं काहीतरी भरलं. शेवटचा भाग उरला तो एकट्या मास्तरांच्या पत्र्याच्या पेटीत.

"बटण कुठं गेलं ते त्यात सांगितलंय," मास्तर म्हणायचे.

"मग सांग की."

"सांगण्यात काय मजा? बघायचं."

खरं म्हणजे मास्तरांना ते आठवतच नव्हतं. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं होतं, एवढंच आठवत होतं. परत लावून बघण्याआधीच त्यांचा स्वतःचा व्हिडिओ बिघडला होता. त्या टेपेवाचून त्यांनाही ते कळणार नव्हतं.

टेप लागली. खरखर झाली, मग कोट दिसला. बाकीच्या पाचजणांना नंतर पाठवायला कंपाउंडरनं फोनवर चित्रण सुरू केलं. खुन्यानं गुन्हा कबूल केला, तेव्हा दोघांनी मांडीवर थाप मारली. गुप्तहेर दारापर्यंत गेला, वळला, पोटावरचा हात काढला. म्हणाला, "आता या बटणाचं..."

जाहिरातीचा एक तुकडा. पडदा हलला. आणि थेट नावं सरकायला लागली.

"मागं घे," कंपाउंडर म्हणाला.

तीनदा मागं घेतलं. तिन्ही वेळा नावंच.

मास्तरांच्या आता लक्षात आलं. एका टेपेत जास्त भाग मावावेत म्हणून ते जाहिरात आली की रेकॉर्डिंग थांबवायचे, संपली की पुन्हा सुरू करायचे. पंचवीस भाग बिनचूक केलं. सव्विसाव्याला जाहिरात संपली, बटणाचा किस्सा सुरू झाला आणि हसण्याच्या नादात नावं येईपर्यंत अंगठा दाबायचाच राहिला.

"तू तर बघितलं होतंस ना? आठव."

"हसलो होतो."

"कशाला?"

"हसलो होतो रे," मास्तर म्हणाले.

दारातून मास्तरांची बायको म्हणाली, "तेव्हा मला हाका मारत होतात, ये, ये लवकर. माझे हात भांड्यांत. म्हटलं, परत लावाल तेव्हा बघीन."

"यायचं होतंस ना!"

"आता माझ्यावर नका ढकलू."

फोन थरथरला. 'मिळालं का?' कंपाउंडरनं तो मांडीवर पालथा ठेवला. "काय सांगू त्यांना?"

"बुरशी लागली होती म्हणून सांग."

"खोटं?"

"मग खरं सांग. तुला काय हवं ते सांग."

कंपाउंडरनं वायरी गुंडाळल्या, व्हिडिओ काखोटीला मारला आणि 'येतो वहिनी' म्हणून निघाला. येतो मास्तर, असं म्हणाला नाही. मास्तरांनी टेप पेटीत ठेवली, पुन्हा काढली, शेवटी कचऱ्याच्या चिंध्यांवर टाकली.

"मास्तर, आहात का? माझ्या पँटची चेन झाली?" जिन्याखालून कुणीतरी हाक मारली.

"दहा मिनिटं बसा."

मास्तरांनी चष्मा चढवला, पँट उलटी केली आणि जुनी चेन उसवायला घेतली.