पेटीची भरपाई

नवरा दक्षिणेकडच्या एका गिरणीत नोकरीला होता, तिथंच वारला. दिवसकार्य धुळ्याला झालं. नंतर मी सासऱ्यांना, नानांना, घेऊन मेहरूणमधल्या आमच्या घरी परतले. बँक, गॅसचं कार्ड, गिरणीचे कागद अशी कामं एकेक करून उरकली. गिरणीनं भरपाई दिली, मी सांगतील तिथं सह्या केल्या.

त्याच्या खोलीतलं सामान मित्रांनी हिरव्या पत्र्याच्या पेटीत भरून नानांच्या नावे रेल्वेनं पाठवलं. कपडे, पाने-पक्कड, आणि पहिल्या नोकरीला निघताना नानांनी त्याला दिलेला अडकित्ता. आम्ही पार्सल ऑफिसात पोचलो तर पेटी कुणीतरी नेलेली. आमच्या आडनावाची माणसं खानदेशात कुठल्याही गल्लीत सापडतात. त्यातल्याच एकानं आपली समजून नेली होती, आणि त्याची हिरवी पेटी तिथंच राहिली होती; तिच्यावर नुसतं आडनाव, पत्ता नव्हता.

तिथल्या बाबूंनी नीट समजावलं. माल भलत्याच्या हाती गेला तर रेल्वेकडे भरपाई मागता येते, पण बुकिंगपासून सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस द्यायची. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत.

घरी येताच मी अर्ज लिहिला. नानांनी तो दोनदा वाचला आणि ‘भरपाई मिळावी’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“भरपाई लिधी ते मंग पेटी कोन धुंडी, माय?”

अर्ज दिला तरी शोध चालूच राहतो, हे मी समजावून पाहिलं. त्यांनी सही न करताच पेनाचं टोपण लावलं.

त्यानंतर ते दर आठवड्याला स्टेशनवर जायचे. बाबूंना पेटीची आठवण करून द्यायचे, त्यांच्याबरोबर चहा घ्यायचे आणि ती दुसरी पेटी जागेवर आहे ना, ते पाहून यायचे. तिचा धनी कधीतरी ती न्यायला येईल आणि आमची परत करील, असा त्यांचा हिशोब. मी अर्जाचं काढलं की म्हणायचे, “सांगी ठेयेल शे.” आमच्याकडे सांगून ठेवलं म्हणजे काम झालं. त्यांची सगळी शेती अशीच सांगून ठेवण्यावर चालली होती.

पाचोऱ्यात आमच्या आडनावाच्या एकाकडे नवी पेटी आल्याचं कळलं, म्हणून आम्ही तिथंही गेलो. तो भला माणूस. चहा पाजला आणि म्हणाला, “मनी ते निळी शे, नाना. म्हनशात ते हिरवा रंग मारी देस.” नाना हसले. मीही हसले असेन.

मुदत टळली त्या दिवशी घरात काहीच वेगळं झालं नाही.

पुढे एकदा नाना स्टेशनवरून लवकर परतले. ती दुसरी पेटी जागेवर नव्हती. धनी आलाच नाही, म्हणून बेवारस मालात पाठवून दिली होती. त्यांनी हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसले.

“आते लिखी दे.”

आता उपयोग नाही, नाना, मुदत गेली, असं मी म्हटलं.

“माले म्हाईत शे. लिख तू.”

मी नव्यानं अर्ज लिहिला. आत काय काय होतं ते त्यांनी सांगितलं, सुरुवात अडकित्त्यापासून. भरपाईच्या ओळीखाली त्यांनी सावकाश सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला. मग जेवायला वाढायला सांगितलं. मी भाकरी टाकायला उठले.