नोलनच्या दगडावरचा चुना

जोसेफ गेल्याचं त्याच्या थोरल्यानं येऊन सांगितलं, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल साबणातच राहिला. "पहाटं गेले," तो म्हणाला, आणि लगेच, "दगडावर आडनाव घालायचं का न्हाई, ते तुमीच सांगा, मास्तर." बाप अजून घरात, आणि याला दगडाची चिंता! पण जोसेफला तरी जन्मभर दुसरी कसली चिंता होती म्हणा...

भिंगारला आमच्या घरांची भिंत एकच. तो गॅरेजात इंजिनं उघडायचा, मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. रंगानं माझ्याहून काळा, आणि आडनाव नोलन! कॅम्पातली टवाळ मंडळी त्याला लाटसाहेब म्हणत. आजा आयर्लंडचा शिपाई. पलटणीबरोबर इथं आला, तिसगावच्या एका बाईशी संसार मांडला आणि तापानं गेला. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं कबरस्तानातला एक दगड मुलाला दाखवला, मुलानं जोसेफला. दर नाताळाआधी त्या दगडाला चुना द्यायचा, हा घरचा नेम. माया एवढी, की जोसेफ अक्षरं ओळखायला शिकला तोवर दगडावरची अक्षरं पार बुजली होती.

गेल्या वर्षी, ऐन दुष्काळात, आयर्लंडहून एक बाई आली. तीही नोलन. तिच्या आजोबांचे तीन भाऊ घर सोडून परदेशी गेलेले. अमेरिकेतला तिनं शोधला, ऑस्ट्रेलियातला शोधला, हिंदुस्थानातला तेवढा राहिला होता. पाद्रीबाबांनी तिला जोसेफचं घर दाखवलं. त्या दिवशी जोसेफनं घरातलं प्यायचं पाणी अंघोळीला घेतलं, लग्नातला कोट चढवला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. दुभाषी म्हणून मी बरोबर. वाटेत तो हळूच म्हणाला, "मास्तर, तिला म्हनावं, आमी तिचीच मानसं हाय." मी म्हटलं, आधी दगड तर दाखव.

बाई त्या पांढऱ्या ढेकळाकडे बघतच राहिली. नाव कुठाय, विचारलं. जोसेफनं मोठ्या उत्साहानं गॅरेजातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि स्वतःच्या हातानं चुना खरवडायला लागला. पापडासारखे थर निघाले. मी खाली वाकून वाचलं... कुणा साहेबाची दोन वर्षांची मुलगी. नोलन नाही, शिपाई नाही, काही नाही.

बाईनं पर्स बंद केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, त्या काळी पुष्कळ नोकर साहेबाचं नाव लावत, असं तिच्या वाचनात आलंय. "काय म्हनली?" जोसेफनं विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. खोटं सांगून उपयोग नव्हता, तिचं तोंड त्याला दिसत होतं. मग तिनं त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं, सगळ्या रांगेचा फोटो काढला आणि टांग्यात बसून गेली. जोसेफ मागे राहून कोटावरचा चुना झटकत होता.

गावाला तर आयतंच सापडलं. लाटसाहेबाचा आजा दोन वर्षांची पोरगी निघाला, म्हणून लोक महिनाभर हसले. बायकोही म्हणायची, तीन पिढ्या परक्याची पोर पुजली. तरी नाताळाआधी हा आपला बादली घेऊन निघाला. मला रागच आला. आता कशाला मरायला जातोस, म्हणून मी खेकसलो. तो म्हणाला, "आजा तिथंच कुठंतरी हाय, मास्तर. शेजाऱ्यांला तरी कळंल, आमी येतो ते."

शेवटच्या आजारात त्यानं माझा हात धरून एकच मागितलं, दगडावर पुरतं नाव. थोरल्याचं म्हणणं, आडनाव घालाल तर आमच्या पोरांनाही लोक हसतील. मी त्याच्याशी भांडलो. पाथरवटाच्या डोक्यावर उभं राहून अक्षरं खोल खणून घेतली : जोसेफ नोलन.

परवा कबरस्तानात गेलो. थोरला उकिडवा बसून बापाच्याच कुंच्यानं नव्या दगडाला चुना देत होता, चांगला जाडजूड. 'नोलन' दिसतच नव्हतं, 'जोसेफ' नुसतं चाचपून लागत होतं. मी ओरडलो, अरे, अक्षरं तरी सोडायचीस! त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं हो. त्यानं मान वर केली. डोळे भरून आलेले.

"बाबांचा नेम हाय, मास्तर. मोडायचा कसा?" तो म्हणाला, आणि दुसरा हात द्यायला त्यानं कुंचा बादलीत बुडवला.