मुख्य संशोधकाच्या रकान्यातलं नाव

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी तेव्हा नाशिकच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख होतो. संशोधनासाठी अनुदान मागायचं तर प्रस्ताव कसा लिहावा, हे प्राध्यापकांना शिकवायला आमच्याकडे तीन दिवसांची कार्यशाळा भरली. कार्यशाळांबद्दल माझं मत काही फार बरं नव्हतं. उद्घाटन, गुलाबाचं फूल, जेवणात गुलाबजाम आणि शेवटी प्रमाणपत्र, यापलीकडे हाती काही लागत नाही, असं मी स्टाफरूममध्ये उघड बोलत असे. शिवाय आता या वयात मला कोण शिकवणार, ही गुर्मी होतीच.

शिकवायला आल्या मराठवाड्यातल्या एक निवृत्त प्राध्यापिका. मनमाडला गाडी बदलून साडेनऊला हजर. असे प्रस्ताव तपासण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली होती. सत्काराची शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि भाषण न करता सरळ कामालाच लागल्या. त्यांची रीत साधी होती. मुख्य संशोधकाच्या रकान्यात ज्याचं नाव, त्याने उभं राहायचं, कागद टेबलावर पालथा ठेवायचा आणि पहिल्या महिन्यात आपण काय करणार ते सांगायचं.

आमचे भलेभले 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून सुरुवात करत. बाई म्हणत, "देश राहू द्या सर. सोमवारी सकाळी तुम्ही घरातून निघून कुठे जाणार?" की समोरच्याचा हात पालथ्या कागदाकडे जाई. दोन दिवसांत त्यांनी कुणाचा पाणउतारा केला नाही, पण सोडलंही कुणाला नाही. माझी हयात शिकवण्यात गेली, तरी ही दोन्ही कामं एकाच वेळी मला कधी साधली नाहीत.

तिसऱ्या दिवशी आमच्या विभागाची पाळी आली. प्रस्ताव लिहिला होता आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मॅडमनी. त्या पेठ तालुक्यातल्या डोंगरातल्या, त्यांच्या पाड्यावरून एम.एस्सी. झालेल्या पहिल्याच. तिकडच्या बायका नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं घरोघरी आपापलं राखतात, त्या वाणांची नोंद करायची, असा विषय. जुन्या बायका गेल्या की त्यांचे वाणही जात होते. सगळ्यात उशिरा पिकणारा एक गरवा वाण तर आता फक्त त्यांच्या आत्याकडे उरला होता आणि आत्या ऐंशीच्या पुढची. प्रस्ताव यंदा मंजूर झाला नाही तर आणखी एक हंगाम हातचा जाणार, याची मॅडमना धास्ती होती. अर्ज त्याच दिवशी संध्याकाळच्या टपालाने जायचा होता.

आणि मुख्य संशोधक म्हणून नाव होतं माझं. यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. लग्नपत्रिकेत घरातल्या थोरल्याचं नाव वर घालतात, तसं विभागप्रमुखाचं घालायचं. मी मागितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नव्हतं. प्रस्ताव एकदा वाचून मी दोन स्वल्पविराम तेवढे दुरुस्त केले होते.

मी उभा राहिलो, कागद पालथा ठेवला.

"पहिल्या महिन्यात कुठे जाणार?" बाईंनी विचारलं.

"पेठला."

"पेठला म्हणजे कुठे? कुणाकडे?"

"पंचायत समितीत चौकशी करू," मी ठोकून दिलं.

"बरं. बियाण्याची कणसं कधी निवडतात?"

"कापणी झाल्यावर, खळ्यात."

"नाय सर," शेजारून आवाज आला. मॅडमच्या तोंडून घरची बोली निसटली होती. "उभ्या पिकातच निवडायची. कापल्यावर कसं कळंल, कुठलं झाड वाऱ्यानं पडलं न् कुठलं उभं राह्यलं?"

मग त्या जे बोलायला लागल्या, ते थांबेचनात. कुठल्या पाड्यावर कुणाकडे कुठला वाण आहे, कुणाकडे आधी जायचं आणि का, सगळं तोंडपाठ. माझ्या विभागात चार वर्षं खाली मान घालून बसणाऱ्या या मॅडमना मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलताना ऐकलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि स्वतःचा फार राग आला.

बाईंनी अर्ज हातात घेतला. "सर, तुमचं सगळं काम गोदावरीतल्या शेवाळावर आहे. तपासणारा आधी मुख्य संशोधकाचं नाव बघतो, मग त्याचं काम. शेवाळवाल्याला नागली कशाला, म्हणून हा बाजूला ठेवील. मी स्वतः असे कितीतरी ठेवलेत. लिहिणारं भलतंच कुणी असेल, हे मला कुठे माहीत?" हे शेवटचं वाक्य त्या खूप हळू म्हणाल्या.

चहाच्या सुट्टीत मी मॅडमना म्हटलं, नाव बदला. त्या घाबरल्याच. "सर, तुमचं नाव नसलं तर प्राचार्य सही करतील का?" शंका खरी होती. म्हणून पहिलं पान पुन्हा टाइप करून मीच घेऊन गेलो.

"तुमचं नाव राहिलं वाटतं," प्राचार्य म्हणाले.

"राहिलं नाही, काढलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

प्रस्ताव मंजूर झाला. पुढची दोन वर्षं मॅडम सुट्टी पडली की पेठची एस.टी. पकडत. मीही त्या काळात भेटेल त्याला, मी माझं नाव कसं काढलं, ते रंगवून सांगत असे. सांगताना बरं वाटायचं.

मग अंतिम अहवाल माझ्या सहीसाठी टेबलावर आला. पहिल्या पानावर, शीर्षकाखाली, तेवीस बायकांची नावं होती, पाड्यांसकट. पहिलं आत्याचं. मॅडमचं स्वतःचं सगळ्यांच्या खाली.

"माहिती देणाऱ्यांची यादी मागे परिशिष्टात घालतात," मी साहेबी आवाजात सांगितलं.

"माहीत हे सर," त्या म्हणाल्या. "पण वाण त्यांनी निवडले. मी नुसतं लिहून घेतलं. आत्या दिवाळीत गेली. तिचं बी आता सात घरांत हे."

त्यांनी हे कुणाला रंगवून सांगितलं नव्हतं. मी टोकलं म्हणून मला कळलं. माझ्या दोन वर्षांच्या मोठेपणाची मला लाज वाटली. यादी होती तिथेच राहू दिली आणि खाली सही केली.