ऑर्व्हिल ह्रुस्काची साखळी

ऑर्व्हिल ह्रुस्का अठ्ठावीस वर्षं स्टर्जन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या घरच्या प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला उभा होता, आणि त्याने एकदाही टाळी वाजवली नाही. तसा नियमच होता. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे गेला की नाही हे ठरवणारी जी साखळी असते, तिची पुढची काठी त्याच्या हातात असे. मोजणाऱ्याने बाजू घ्यायची नाही.

एरवी तो फरशा बसवायचा. आमच्या भागातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्याची फरशी आहे आणि एकीवरही पाणी साचत नाही. गुडघे मात्र त्या कामात गेले.

नियम खरं तर मैदानापुरता होता. ऑर्व्हिलने तो रोन्डाच्या खानावळीतही पाळला. रोज सकाळी साडेसहाला आम्ही तिथे बसायचो. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला डूएन हीटरजवळच्या खुर्चीत, मी मधे आणि ऑर्व्हिल दारातल्या वाऱ्यात. संघ, कोच, कोण पळाला, कोणाच्या हातून चेंडू सुटला, सगळ्याचा कीस पाडला जायचा. ऑर्व्हिल अंडी खायचा आणि ऐकायचा. त्याच्या मनात काय आहे, हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

त्या वर्षी आम्ही पंधरापैकी तेरा सामने हरलो होतो. शेवटचा उरला होता. आमच्या खेळात सर्वांत शेवटी येणाऱ्याला एक मोबदला मिळतो. कॉलेजांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंतून पहिला खेळाडू तो उचलतो. त्या वर्षी आयोवाचा एक उंच मुलगा येणार होता, साठ यार्डांवरून चेंडू बादलीत टाकणारा. शेवटचा सामना हरलो तर तो आमचा. जिंकलो तर आमचा नंबर चौथा, आणि मुलगा दुसऱ्याचा.

"हरायलाच पाहिजे," आदल्या दिवशी डूएन टेबलावर मूठ आपटत म्हणाला. "तेरा हरलो, चौदावा हरायला काय लाज?"

"लाज वाटू दे जरा," कॉफी ओतता ओतता रोन्डा म्हणाली. "पोरं थंडीत हाडं मोडून घेतात आणि तू म्हणे हरा!"

"अगं, तो चष्मेवाला लिंडक्विस्ट कोच राहिला तर दहा वर्षं हरू. उद्या चुकून जिंकला, तर मालक त्याला आणखी एक वर्ष देणार. मेलोच मग आपण!"

"ऑर्व्हिल, तू सांग रे," रोन्डा म्हणाली. "उद्या तुझा शेवटचा सामना, मग तू निवृत्त. आता तरी बोल."

"उद्या पंचाने शेवटची शिट्टी वाजवेपर्यंत मी कामावर आहे," ऑर्व्हिल म्हणाला आणि टोस्टला लोणी लावू लागला.

डूएन पेटला. "ऐक म्हाताऱ्या. उद्या मी इथे टीव्हीला नाक लावून बसतो. तुझी एक भुवई जरी हलली, तरी आयुष्यभर तुला ढोंगी म्हणेन. नाही हलली, तर ही हीटरजवळची खुर्ची तुझी."

ऑर्व्हिलने त्या खुर्चीकडे पाहिलं. दारातल्या वाऱ्याने त्याचे गुडघे अठ्ठावीस हिवाळे ठणकले होते. "कायमची?"

"कायमची."

रविवारी दुपारी खानावळीत उभं राहायलाही जागा नव्हती. बाहेर सरोवरावरून वारा असा सुटला होता की फाटकाजवळचा कचऱ्याचा डबा रस्ता ओलांडून गेला. कॅमेरा साखळीकडे वळला की डूएन ओरडायचा, "गप्प! ऑर्व्हिल आला!" पडद्यावर नारिंगी अंगरख्यातला ऑर्व्हिल दिसायचा, चेहरा त्याच्याच फरशीसारखा सपाट.

शेवटचं दीड मिनिट. आम्ही दोन गुणांनी मागे. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि हवं होतं एकच यार्ड. चेंडू समोरच्या संघाच्या एकतिसाव्या यार्डावर होता. तिथून किक मारून तीन गुण घेता आले असते, पण तोंडावर वारा होता.

"किक मार!" डूएन ओरडला. "वाऱ्यात मार रे चष्मिस्टा!"

"घुसा!" रोन्डा किंचाळली. "मधून घुसा!"

लिंडक्विस्टने किक मारणाऱ्याला परत बसवलं. चेंडू उचलला गेला, बावीस माणसांचा ढिगारा झाला. पंचाने एकेकाला बाजूला काढून चेंडू ठेवला आणि मोजायची खूण केली.

साखळी मैदानात आली. मागचा माणूस तिच्यावरचा खुणेचा चिमटा रेषेवर दाबून बसला. ऑर्व्हिल पुढची काठी घेऊन दुखऱ्या गुडघ्यांवर वाकला. कॅमेरा इतका जवळ आला की त्याच्या नाकाचा लाल शेंडा दिसत होता. ही साखळी थोडी सैल राहिली तर काठी बोटभर मागे पडते, जास्त खेचली तर बोटभर पुढे जाते. हे मला त्यानेच एकदा सांगितलं होतं.

त्याने साखळी ताणली, काठी टेकवली आणि हात स्थिर केला. चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं. बोटभर. फार तर दीड बोट. म्हणजे आम्हाला आणखी चार प्रयत्न मिळाले.

स्टेडियम फुटल्यासारखं झालं. खानावळीत अर्धे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, अर्ध्यांनी डोक्याला हात लावले. डूएन टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून ऑर्व्हिलची भुवई शोधत होता. ती जागच्या जागी होती. पुढच्या दोन चालींत आम्ही आणखी जवळ गेलो, मग किक मारली, आणि सामना एका गुणाने जिंकला. आयोवाचा मुलगा गेला.

सोमवारी साडेसहाला ऑर्व्हिल आला. डूएन उठला आणि दारातल्या खुर्चीत जाऊन बसला. ऑर्व्हिल हीटरजवळ बसला, गुडघे त्याच्याकडे वळवले, कॉफीचा घोट घेतला आणि कप असा आदळला की रोन्डा दचकली.

"काय मूर्ख माणूस आहे हा लिंडक्विस्ट!" तो गरजला. "तोंडावर वारा, हातात किक! मारली असती तर चेंडू सरळ सरोवरात! तो पोरगा आपला होता, डूएन! आपला! आणि हा गाढव म्हणतो घुसा!"

डूएनचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे... तुला हरायचं होतं?"

"ऑक्टोबरपासून!"

"आणि साखळी? बोटभर जास्त खेचली असतीस तर..."

"ती जेवढी ताणायची तेवढी ताणली," ऑर्व्हिल म्हणाला. "चेंडू पुढे होता, त्याला मी काय करू? पण तो सातव्या सामन्यातला पास आठवतो तुला? बोलू का त्याच्यावर?"

"बोल, लेका, बोल!" डूएनने खुर्ची ओढत हीटरजवळ आणली. "रोन्डा, याला आणखी कॉफी दे. अठ्ठावीस वर्षांचं साचलंय!"

ऑर्व्हिल साडेअकरापर्यंत बोलत होता.