एक जाणकार वाचक, तिरोडा

आपलं नाक दुसऱ्यानं कापलं तर निदान त्याच्याशी भांडता तरी येतं. मी माझं स्वतःच्या हातानं कापलं. तेही भर गोंदियात, पुस्तकमेळ्याच्या मांडवात, माइकवर! बसा, चहा येईपर्यंत सांगून टाकतो. हसायचं असेल तर मध्ये मध्ये हसून घ्या, शेवटी एकदम हसलात की मला लागतं.

तेव्हा मी लेखक होतो. म्हणजे काय, तर कुणाच्या निवृत्तीचं मानपत्र लिही, कुण्या सभापतीचं पंधरा ऑगस्टचं भाषण लिही, कापड दुकानाची जाहिरात लिही, आणि महिन्या-दोन महिन्यांत एखादा लेख नागपूरला पाठवून वाट पाहत बस. नोकरी नव्हती. आई शेजारपाजारी सांगायची, "थो लिवते, म्हनून घरीच राह्यते."

स्वप्न मात्र एकच. पेपरात आपलं स्वतःचं सदर असावं. दर आठवड्याला. वर आपला फोटो, हनुवटीखाली हात ठेवलेला. फोटो मी स्टुडिओत जाऊन काढूनही आणला होता! सदर तेवढं मिळायचं बाकी होतं.

आणि अशात टेकचंदचं पुस्तक आलं.

टेकचंद माझा शाळेपासूनचा दोस्त. चोरखमारा तलावाच्या कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला. दिवसभर गेटाजवळ बसून राहायचा आणि वहीत गोष्टी लिहायचा. मासे धरणाऱ्या ढीवरांच्या, धानाच्या, पाण्याच्या पाळीवरून होणाऱ्या भांडणांच्या. दोन-तीन वर्षांपूर्वी ती वही त्यानं मला दाखवलीही होती. मी मोठ्या मनानं लाल पेन घेऊन ती तपासून दिली. लोकांचं लिखाण लाल करणं हा माझा आवडता उद्योग, कुणाकुणाचं काय काय लाल केलं हे लक्षात राहणं शक्यच नव्हतं.

तर त्या वहीचं पुस्तक झालं! मुखपृष्ठ रंगीत, मागे टेकचंदचा फोटो. दाढीसुद्धा न केलेला! खरं सांगतो, मी जळलो. तोंडानं "अरे वा, अरे वा" म्हणत होतो आणि पोटात नुसती आग. मानपत्रं लिहून बोटं माझी झिजली आणि पुस्तक कुणाचं, तर पाणी सोडणाऱ्याचं!

मेळ्याला आम्ही तिघं बसनं गेलो. मी, टेकचंद आणि वंदना. वंदना आमची दोघांची मैत्रीण, गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत शिकवायची. तिच्या जिभेला धार लावावी लागत नसे. सारा रस्ता ती टेकचंदला "लेखकसाहेब" म्हणत राहिली. मी बाजूला बसलेला असताना! लेखक कोण होता त्या बसमध्ये?

मेळा एका शाळेच्या मैदानावर होता. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, लोणची-पापडाची पुस्तकं, भविष्याची पुस्तकं आणि एका टेबलावर ढीग टेकचंदचा. मधोमध काय ठेवलं होतं माहीत आहे? त्याची ती मूळ वही! प्लास्टिकच्या पिशवीत, वर पाटी, 'लेखकाचे हस्तलिखित'. लोक वाकून वाकून पाहत होते. एका म्हाताऱ्यानं तर वहीला हात लावून नमस्कार केला. आता मला सांगा, माणसानं किती सोसायचं?

त्याच टेबलाच्या कडेला एक अभिप्रायाची वही होती. ज्याला जे वाटलं ते त्यानं लिहायचं. संध्याकाळी निवडक अभिप्राय माइकवर वाचायचे, अशी पद्धत. पानं उलटून पाहिली. 'फार सुंदर.' 'आमच्या भागातला हिरा.' 'बहुत बढ़िया, टेकचंद भाऊ!' माझं डोकंच फिरलं.

टेकचंद आणि वंदना समोसे आणायला गेले होते. मी पुस्तक उचललं, मधलंच एक पान उघडलं, आणि पहिल्याच झटक्यात असं वाक्य सापडलं की मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढं भयंकर वाक्य अन् छापून आलं! बाकीचं वाचायची गरजच काय? पेन काढला आणि लिहिलं :

'घोर निराशा झाली. "तलावाच्या थरथरत्या दर्पणात चंद्रमा नियतीच्या भाळावरील ओघळत्या कुंकवासम विलीन होत होता." हे काय आहे? असे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात तलाव पाहिलेला नाही. त्याच्या हातातले पेन काढून घ्यावे आणि त्याला आठ दिवस पाण्याच्या पाळीवर बसवावे. — एक जाणकार वाचक, तिरोडा.'

तिरोडा का? उगाच. माझं गाव नाही म्हणून. अक्षर बदलायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता हात असा रंगला की ते राहूनच गेलं.

समोसा काय गोड लागला म्हणता!

संध्याकाळी मांडव भरला. व्यासपीठावर गोंदियातल्या एका साप्ताहिकाचे संपादक बसले होते. सूत्रसंचालक गोंदियाचाच, त्याचं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "तो भाइयो, अब आपके अभिप्राय!" म्हणून त्यानं चार-पाच गोड गोड अभिप्राय वाचले आणि मग माझा. ठसक्यात वाचला. कुंकवापाशी मांडव हसला, पाळीवर बसवण्यापाशी टाळ्या पडल्या. टाळ्या! माझ्या लिखाणाला!

बाजूला टेकचंद खाली मान घालून बसला होता. हळूच म्हणाला, "खरं हाये गा. थे वाक्य मलेबी जडच वाटत होतं."

"मनाला लावून घेऊ नकोस रे," मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. होय, ठेवला. एवढा मी नीच.

वंदना माझ्याकडे पाहत होती. "तू काऊन येवढा खूश होऊन राहिला?"

"मी? कुठं?"

तेवढ्यात संपादकांनी माइक हातात घेतला. म्हणाले, "इतकं सडेतोड लिहिणारा माणूस आपल्या जिल्ह्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. या जाणकार वाचकानं पुढं यावं. आमच्या साप्ताहिकात पुस्तकांवर दर आठवड्याला सदर लिहावं. फोटोसकट."

फोटोसकट!

उठावं तर टेकचंद बाजूलाच. न उठावं तर सदर गेलं. ज्या फोटोसाठी मी हनुवटीखाली हात धरून मान अवघडून घेतली होती, तो फोटो! मी अर्धा उठलो, परत बसलो. वंदनानं विचारलं, "मुंगी चावली का?" शेवटी मी ठरवलं, दोस्ती मोठी. गप्प बसायचं. उद्या संपादकांना एकट्यात गाठायचं.

असं मी ठरवतोय तोच पहिल्या रांगेतून धोतर सावरत एक गृहस्थ उठले. तिरोड्याचे रहांगडाले गुरुजी. निवृत्त. सावकाश व्यासपीठावर गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"तो अभिप्राय आपला?" संपादकांनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "सकाळी मीबी त्या वहीत लिवलो होतो. काय लिवलो थे आता नेमकं ध्यानात नाही. पन तिरोड्यात दुसरा जानकार वाचक हाये कोन?"

मांडवानं टाळ्या वाजवल्या. संपादकांनी शाल उलगडली.

इथं, मंडळी, माझं सगळं शहाणपण गेलं. टेकचंदवर जळत होतो तेव्हा निदान गप्प बसता येत होतं. पण माझ्या शब्दांवर दुसऱ्यानं शाल घ्यायची? मी खुर्च्या ओलांडत व्यासपीठावर चढलो आणि माइकवर ओरडलो, "थांबा! ते मी लिहिलंय! एक-एक अक्षर माझं आहे!"

गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तिरोड्याचा का बापू?"

"नाही, पण..."

"मंग?"

मांडव हसला. संपादक म्हणाले, "पुरावा काय?"

पुरावा! मी इतका पेटलो होतो की काय बोलतोय याची शुद्ध नव्हती. "अक्षर पाहा ना! टेकचंदची ती वही आहे ना टेबलावर? तीन वर्षांपूर्वी मीच तपासून दिली. लाल शाईतलं सगळं माझं अक्षर आहे. आणा ती वही!"

कुणी हलेना, तर मीच खाली धावलो, प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली आणि संपादकांच्या हातात दिली. स्वतःच्या पायांनी धावत गेलो होतो, हे लक्षात असू द्या.

संपादकांनी चष्मा लावला. एका हातात अभिप्रायाची वही, दुसऱ्या हातात टेकचंदची. पानं उलटली, थांबले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"अक्षर तेच आहे," ते म्हणाले.

"बघा!" मी गुरुजींकडे वळून म्हणालो. छाती अशी फुगली!

"थांबा, इथं काय आहे ते वाचतो." संपादक माइकजवळ सरकले. "मूळ लेखकानं निळ्या शाईत लिहिलंय, 'तलावात पानी कमी झालं होतं.' ते वाक्य खोडलंय. आणि वर लाल शाईत लिहिलंय..."

ते थांबले. मग एक-एक शब्द सावकाश वाचला. थरथरतं दर्पण, नियती, भाळ, कुंकू. सगळं. समासात लाल शाईतच शेरा होता, तोही वाचला : 'टेकू, साहित्य असं लिहितात!'

मांडवाचं काय झालं ते मी सांगत नाही. सूत्रसंचालक खुर्चीवरून घसरला, एवढंच सांगतो. गुरुजींनी मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी संपादकांपुढं मान वाकवली आणि शाल अंगावर घेतली.

परतीच्या बसमध्ये वंदना खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. मी टेकचंदला म्हणालो, "तुला ते वाक्य जड वाटत होतं, तर काढलं का नाहीस?"

"प्रकाशकबी म्हने काढा. मी म्हनलो, नाही. माह्या दोस्तानं देल्लं हाये." मग पिशवीतून एक प्रत काढून माझ्या मांडीवर ठेवली. "वाच आता. थे एक वाक्य सोडून बाकी सारं माह्यंच हाये."

वाचलं मी. दोनदा वाचलं. चांगलं आहे हो पुस्तक! फार चांगलं आहे. हेच तर माझं दुखणं.

सदर गुरुजींना मिळालं. दर आठवड्याला यायचं. नाव 'एक जाणकार वाचक', शेजारी गुरुजींचा फोटो, हनुवटीखाली हात. पुढं टेकचंदच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा गुरुजींनी लिहिलं, 'पहिल्या आवृत्तीत एकच दोष होता. लेखकाने तो काढून टाकला आहे, ही समाधानाची गोष्ट.'

तर मंडळी, तो काढून टाकलेला दोष तुमच्यासमोर बसला आहे आणि त्याचा चहा अजून आलेला नाही.